लोणार, मेहकर की संभाजीनगर? नुसतं भाडं बघून धंद्याची जागा ठरवू नका



दोन गावांमधल्या धंद्याच्या खर्चाची तुलना कशी करायची, हा या वेळचा विषय. व्हिडिओत आकडे भरभर निघून जातात, म्हणून इथे सावकाश मांडतोय. कागद-पेन घ्या, मोबाइलचं कॅल्क्युलेटर उघडा आणि माझ्याबरोबर बेरीज करत चला. नुसतं वाचून हा धडा डोक्यात बसत नाही.

उदाहरण लोणारचं घेतलंय, कारण प्रश्न तिथूनच आला. मुलगा पुण्यात बेकरीत कारागीर आहे. हाताला काम पक्कं आहे, गाठीला तीन लाख रुपये आहेत, मशिनरीसाठी कर्ज काढायची तयारी आहे. आता त्याला स्वतःचं बेकरी आणि केकचं दुकान टाकायचंय. घरचे म्हणतात, "गावातच टाक, इथे भाडं असं कितीसं लागतं?" मित्र म्हणतात, "संभाजीनगरला टाक, गिऱ्हाईक तिथे आहे." आणि मधे पंचवीसेक किलोमीटरवर मेहकर आहेच.

तीन लाख म्हणजे त्याची काही वर्षांची बचत. ती एकदाच लावता येते. म्हणून अंदाजाने नाही, हिशेबाने ठरवायचं.

आधी मोठ्या याद्या बाजूला ठेवा

"व्यवसाय सुलभता" क्रमवारी तुम्ही ऐकली असेल. जागतिक बँक ती काढायची. २०२० च्या अहवालात भारत ६३ व्या नंबरवर आला, तेव्हा पेपरात मोठ्या बातम्या आल्या होत्या. पण त्या क्रमवारीसाठी भारतातली शहरं किती बघितली होती? दोन. मुंबई आणि दिल्ली. पुढे २०२१ मध्ये तो अहवालच बंद झाला. लोणारच्या बाजारात दुकान टाकणाऱ्याला त्या ६३ नंबरचा उपयोग शून्य. आपल्या दोन गावांची तुलना आपणच करायची असते.

सगळीकडे सारखं काय असतं?

तुलना करताना लोक पहिली गडबड इथे करतात. जे सगळीकडे सारखंच आहे, त्यावर डोकं खपवतात.

विजेचं बघा. "शहरात लाइट महाग" असं सर्रास बोललं जातं. पण लोणार, मेहकर आणि संभाजीनगर तिन्हीकडे वीज महावितरणची आहे. एकाच वर्गवारीतल्या ग्राहकाला युनिटचा दर तिन्हीकडे तोच. फरक पडतो तो वीज जाण्यामुळे. मळलेलं पीठ पडून राहिलं, फ्रिजमधलं क्रीम बसलं, तर ते नुकसान बिलात दिसत नाही. त्यामुळे दर विचारू नका. ज्या गल्लीत दुकान घ्यायचंय तिथल्या आइस्क्रीमवाल्याला विचारा, उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते. तो बरोबर सांगेल.

व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, गाव कुठलंही असो. मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख, तीही राज्यभर एकच. दोन-तीन माणसांच्या दुकानाला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तिथेही गावागावात फरक नाही. मैद्याच्या पोत्याचा कंपनीचा भावही साधारण तोच, फक्त पोतं दुकानापर्यंत आणायचं भाडं वेगळं.

भाडेकराराचा खर्च तर लोक उगाच मोठा समजतात. लिव्ह अँड लायसन्सच्या कराराला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं. एकूण मुदतीचं भाडं, अधिक अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर. समजा महिना ४,००० भाडं, ३६ महिने, अनामत २०,०००. भाडं झालं १,४४,०००, व्याज धरलं ६,०००, बेरीज दीड लाख. त्यावर ०.२५ टक्के म्हणजे ३७५ रुपये. नोंदणी फी नगरपालिका-महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. एवढ्यासाठी करार तोंडी ठेवणारे दुकानदार मी बघितलेत. वर्षभराने दुकान चालायला लागलं की मालक भाडं दुप्पट मागतो, आणि यांच्याकडे दाखवायला कागद नसतो.

आता वेगळं काय ते मांडू

खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या गल्लीचे खरे आकडे भरा. पद्धत समजून घेणं महत्त्वाचं. सगळे आकडे महिन्याचे आहेत.

लोणार: दुकानभाडं ४,०००. एक कारागीर आणि एक मदतनीस मिळून २२,०००. वीज ५,०००. कच्चा माल आणायचं भाडं ४,०००. किरकोळ २,०००. कर्जाचा हप्ता ८,०००. स्वतःचा पगार १५,०००. एकूण ६०,०००.

मेहकर: भाडं ८,०००. माणसं २४,०००. वीज ५,०००. मालवाहतूक ३,०००. किरकोळ २,५००. हप्ता ८,०००. स्वतःचा पगार १५,००० आणि लोणारहून रोज जायचं-यायचं ३,०००. एकूण ६८,५००.

संभाजीनगर: भाडं १८,०००. माणसं ३२,०००. वीज ५,०००. मालवाहतूक ५००. किरकोळ ४,५००. हप्ता १०,०००, कारण कर्ज जास्त लागणार. स्वतःचा पगार १५,००० आणि खोली-जेवण १०,०००. एकूण ९५,०००.

स्वतःचा पगार धरलाय, हे लक्षात घ्या. "मी तर घरचाच" म्हणून तो सोडून दिला की हिशेब गोड दिसतो, आणि वर्षाने कळतं की आपण फुकट राबलो. दुकान स्वतःच्या घरात असेल तरी भाडं धराच. ती जागा दुसऱ्याला दिली असती तर जे मिळालं असतं, ते तुमचं भाडं.

बहुतेक लोक इथेच थांबतात. साठ हजार, साडेअडुसष्ट हजार, पंच्याण्णव हजार, म्हणजे लोणार स्वस्त, विषय संपला! अजिबात नाही. अर्धाच हिशेब झालाय.

खर्चावरून गिऱ्हाइकाकडे या

शंभर रुपयांची विक्री झाली की माल, पॅकिंग, शिळा होऊन फेकलेला माल आणि बुडालेली उधारी वजा जाऊन हातात किती उरतं? लोणारला ३८ रुपये धरू, कारण विक्री कमी असली की माल जास्त शिळा होतो आणि ओळखीची उधारीही जास्त. मेहकरला ४०. संभाजीनगरला पुन्हा ३८, कारण तिथे घरपोच ॲपवाल्यांचं कमिशन आहे आणि शेजारच्या दुकानाशी भावात झुंजावं लागतं.

महिन्याचा खर्च भागिले हे उरणारं प्रमाण. लोणारला ६०,००० भागिले ०.३८, म्हणजे महिन्याला साधारण १ लाख ५८ हजारांची विक्री. रोजची ५,२६०. मेहकरला ६८,५०० भागिले ०.४०, म्हणजे १ लाख ७१ हजार. रोजची ५,७१०. संभाजीनगरला अडीच लाख. रोजची ८,३३०. एवढ्या विक्रीला ना नफा ना तोटा.

आता एक गिऱ्हाईक सरासरी कितीचा माल घेतं? लोणारला ६० रुपये धरा, पाव, खारी, टोस्ट, मधूनच एखादा केक. मेहकरला ७०. संभाजीनगरला ११०.

भागाकार करा. लोणारला रोज ८८ गिऱ्हाइकं लागतात. मेहकरला ८२. संभाजीनगरला ७६.

आकडे परत बघा. ज्या गावात खर्च सगळ्यात कमी, तिथेच गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त लागतायत. २०११ च्या जनगणनेत लोणार शहराची लोकसंख्या साडेतेवीस हजारांच्या आसपास होती, मेहकरची ४५ हजारांच्या आसपास, आणि औरंगाबाद म्हणजे आजच्या संभाजीनगरची पावणेबारा लाख. सगळ्यात लहान गावातून सगळ्यात जास्त माणसं रोज दुकानात आणायची आहेत. "गावात भाडं कितीसं" म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही.

अजून एक गंमत करून बघा. लोणारचं भाडं पूर्ण माफ झालं असं समजा. खर्च ५६,०००, रोजची विक्री ४,९१०, गिऱ्हाइकं ८२. दुकान फुकट मिळूनही फक्त सहा माणसं कमी! आणि भाडं तेवढंच ठेवून सरासरी बिल ६० वरून ७५ वर नेलं तर? गिऱ्हाइकं लागतात ७०. एकदम अठरा कमी. वाढदिवसाच्या केकची आगाऊ ऑर्डर घेणं, पावाबरोबर नानकटाईचं पाकीट पुढे करणं, शाळेच्या कार्यक्रमांना माल देणं, यात जो वेळ जाईल तो मालकाशी पाचशे रुपयांसाठी घासाघीस करण्यापेक्षा जास्त कमावून देईल.

पर्यटक धरायचे का?

लोणारच्या प्रत्येक धंद्याच्या गप्पांत सरोवर येतंच. जगात नाव आहे, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशाने बघितलं, त्याच वर्षी रामसर यादीत नाव गेलं. मान्य. पण पर्यटक गाडीतून येतो, सरोवर आणि दैत्यसूदन मंदिर बघतो, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी परत जातो. तो चहा, नाश्ता, जेवण, पाण्याची बाटली घेईल. अर्धा किलोचा केक घेणार नाही. खानावळ टाकणाऱ्याने पर्यटक मोजावा. बेकरीवाल्याने तो वरकड समजावा आणि ८८ मध्ये धरू नये. कमळजादेवीच्या नवरात्रातली गर्दीही तशीच.

सरोवर आणि जुनी मंदिरं यांचा दुकानदाराला दुसऱ्याच बाजूने खर्च येतो, तो कुणी सांगत नाही. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधकाम करायचं तर परवानगी लागते. दुरुस्तीलासुद्धा विचारावं लागतं. दैत्यसूदन मंदिर गावातच आहे, आणि सरोवर अभयारण्यात येतं. वारसा जपायला हे नियम हवेतच. पण तुम्ही जुन्या गावात गाळा घेऊन वर मजला चढवायचं किंवा मागे भट्टी बांधायचं स्वप्न बघत असाल, तर अनामत देण्याआधी जागा कुठल्या अंतरात येते ते लेखी तपासा. नगरपालिकेत विचारा. मालकाच्या "काही होत नाही हो" वर जाऊ नका. बाजार वाढायला जागा कमी असली की चांगल्या गाळ्यांचा तुटवडा पडतो, आणि छोट्या गावातही मोक्याच्या गाळ्याचं भाडं चढतं ते असं.

समृद्धी महामार्गाचंही दोन्ही बाजूंनी बघा. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, ५ जून २०२५ ला सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. मेहकरजवळ चढ-उतार आहे. माल लवकर येतो, हे खरं. पण त्याच रस्त्याने तुमचं गिऱ्हाईक लग्नाच्या खरेदीला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतं. कापड, दागिने, फर्निचर यांच्या दुकानदारांना याचा फटका जास्त. रोजचा पाव आणायला कुणी हायवेवर जात नाही, हे बेकरीचं नशीब.

सबसिडीसाठी गावाबाहेर जावं का?

पीएमईजीपी योजनेत सर्वसाधारण गटाला शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरी २५ आणि ग्रामीण ३५. नगरपालिकेची हद्द शहरी धरली जाते, ग्रामपंचायतीची ग्रामीण. लोणारला नगरपालिका आहे. मग लगेच कुणीतरी सल्ला देतं, "चार किलोमीटर बाहेर ग्रामपंचायतीत भट्टी टाक, दहा टक्के जास्त मिळतील."

हिशेब करू. प्रकल्प ६ लाखांचा. १५ टक्के म्हणजे ९०,०००, २५ टक्के म्हणजे १,५०,०००. फरक ६०,०००. अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून असतं, म्हणून फरक ३६ महिन्यांवर पसरवा. महिना १,६६७ रुपये. आता भट्टीतून माल रोज दोन फेऱ्या करून गावातल्या दुकानात आणायचा. दिवसाला ६० रुपये पेट्रोल धरलं तरी महिना १,८००. फायदा गेला पेट्रोलमध्ये, वर सकाळचा तासभर रस्त्यात. भट्टीसाठी शेतातली घरची जागा तयार असेल तर वेगळी गोष्ट. नाहीतर जागा धंद्यासाठी निवडा, आणि त्या जागेला जे अनुदान बसेल ते घ्या. योजनेच्या चालू अटी बुलढाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या, त्या बदलत राहतात.

पडलो तर किती दिवस उभा राहीन?

माझ्या मते सगळ्या तुलनेतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा, आणि तोच कुणी काढत नाही.

पहिले काही महिने विक्री गरजेच्या निम्मीच होईल असं धरा. म्हणजे निम्मा खर्च खिशातून जाईल. आता तीन लाखांतून अनामत आणि दुकानाची सजावट वजा करा. लोणारला अनामत २०,०००, सजावट ८०,०००, उरले दोन लाख. महिन्याची तूट ३०,०००. साडेसहा महिने निघतील. मेहकरला अनामत ५०,०००, सजावट ८०,०००, उरले १ लाख ७० हजार. तूट ३४,२५०. पाच महिने. संभाजीनगरला अनामत दीड लाख, सजावट एक लाख, उरले ५० हजार. तूट ४७,५००. एक महिना.

एक महिना! शहरात ७६ गिऱ्हाइकं मिळतीलही, पण ती मिळेपर्यंत दुकान उघडं राहायला हवं ना? त्यात लोणारला तो घरी जेवतो, स्वतःचा पगार काही महिने सोडू शकतो. मग तूट १५,००० वर येते आणि दोन लाख तेरा महिने पुरतात. शहरात पगार सोडला तरी खोलीभाडं आणि जेवण सुटत नाही. तिथे फार तर दीड महिना.

तर एका बाजूला जास्त गिऱ्हाइकं लागतात, दुसऱ्या बाजूला वेळ जास्त मिळतो. या मुलासाठी माझं मत: तीन लाखांवर संभाजीनगर नको. आठ-दहा लाख असते तर बोललो असतो. लोणारला सुरू करावं, पण फक्त काउंटरच्या भरवशावर नाही. सकाळी चहाच्या टपऱ्या, बसस्टँडसमोरची हॉटेलं, सुलतानपूर, बीबीची किराणा दुकानं यांना पाव-खारी द्यावी. घाऊक विक्रीत शंभराला २५ च उरतील, पण रोज १,५०० चा माल गेला तरी महिन्याला ११,२५० रुपये खर्चातून सुटतात. उरलेल्या ४८,७५० साठी काउंटरवर लागतात ७१ गिऱ्हाइकं. ८८ वरून ७१. फक्त घाऊकवाल्यांकडून आठवड्याला पैसे घ्या. "महिन्याने देतो" म्हणाला की समजा, तुमच्या भांडवलावर त्याचं दुकान चालणार.

७१ माणसं आहेत का, हे कसं कळणार?

उभं राहून मोजायचं. दुसरा उपाय नाही. ज्या गाळ्यावर डोळा आहे त्याच्यासमोर तीन दिवस थांबा: एक आठवडी बाजाराचा, एक साधा, एक रविवार. सकाळी सात ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ. किती माणसं गेली हे नका मोजू. किती जणांच्या हातात खाण्याच्या मालाची पिशवी आहे ते मोजा, आणि जवळच्या बेकरीत तासाला किती जण शिरले ते मोजा. तिथे तासाला दहाच शिरत असतील, तर तुमच्याकडे ७१ कुठून येणार? त्यांच्याकडे रांग लागत असेल तर जागा आहे.

मोजणी दिवाळीत करू नका. लोणार-मेहकरचा बाजार सोयाबीनवर चालतो. माल विकला गेला की हातात पैसा असतो आणि सगळीच दुकानं भरलेली दिसतात. जून-जुलैत पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. त्या दोन महिन्यांत जी विक्री होईल तिच्यावर ८८ चा हिशेब बसवा. दिवाळीची विक्री ही जुलैची तूट भरायला असते.

आणि सही करण्याआधी करारातला एक मुद्दा बघा. मुदत ३६ महिन्यांची असेल, तर तुम्हाला आधी दुकान सोडायचं झालं तर किती महिन्यांची नोटीस द्यायची, आणि अनामतीतून काही कापणार का? शहरातले मालक बऱ्याचदा पहिलं वर्ष सोडता येणार नाही अशी अट घालतात. ती अट असेल तर १८,००० गुणिले १२, म्हणजे २ लाख १६ हजार ही तुमची खरी बांधिलकी झाली, दुकान चालो न चालो. लोणार-मेहकरला एक महिन्याच्या नोटिसीवर मालक सहसा तयार होतात. तोंडी नको, तेवढं वाक्य करारात टाकून घ्या.

पुढचा भाग उधारीवर आहे. घाऊक गिऱ्हाइकाकडून आठवड्याची वसुली कशी बसवायची, ते त्यात बघू. तोपर्यंत तुमच्या गावाचे आकडे या पद्धतीत भरून ठेवा.